बारीकरावांची हिरवळ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला जे गृहस्थ राहतात, त्यांचं खरं नाव जिन्याखालच्या फळ्यावर रंगवलेलं आहे. पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतःही वळून बघायचे नाहीत. सगळं जग त्यांना बारीकराव म्हणतं. अंगाने म्हणाल तर चांगले भरलेले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याहून भरलेल्या. तेव्हा नावाचा संबंध अंगाशी नाही, धंद्याशी आहे.

कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक, ज्याच्यावर बसून मी या वस्तीतल्या निम्म्या भानगडी ऐकल्या आणि उरलेल्या निम्म्या सांगितल्या. खुर्चीत बसलेल्याच्या गळ्याभोवती कापड आवळलं की बारीकराव विचारायचे, "बारीक की मध्यम?" तुम्ही मध्यम म्हणा, किंचित म्हणा, फक्त मानेवरचे म्हणा, कापड झटकल्यावर आरशात दिसणारं डोकं एकच. सोललेल्या नारळासारखं.

"मग विचारता कशाला?" मी एकदा म्हटलं.

"विचारायची पद्धत असते," ते म्हणाले.

त्यांचं एक शास्त्र होतं. कापलं की दाट येतं. ज्याचे केस विरळ व्हायला लागलेत असं गिऱ्हाईक आलं की ते हलकेच त्याच्या टाळूवर बोट फिरवायचे आणि डॉक्टरच्या आवाजात सांगायचे, "घाबरायचं नाही. दर पंधरवड्याला या. आपण कापत राहू. कापलं की दाट येतं." हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर माशीला उभं राहायला आधार नव्हता, पण ते विचारायची कुणाची हिंमत होत नसे. हातात वस्तरा असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

आमचे सेक्रेटरी त्यांचे जुने बळी. तरुणपणी त्यांची एका विमान कंपनीत मुलाखत होती. उंच, गोरेगोमटे, कपाळावर झुलणारी बट. मुलाखतीच्या सकाळी ते 'जरा कडा नीट करून द्या' म्हणून खुर्चीत बसले आणि उठले ते सक्तमजुरी झाल्यासारखे. आकाशात उडायचा माणूस शेवटी एका गोदामात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. आता ती नोकरी केसांमुळेच गेली असं मी म्हणणार नाही. सेक्रेटरींचं तोंड उघडलं की त्यांना कुठलीही नोकरी नाकारणं सोपं व्हायचं. पण ते स्वतः आजतागायत केसांमुळेच म्हणतात, आणि त्या दिवसापासून ते दूरच्या सलूनमध्ये जातात.

तर असे हे बारीकराव. हात चालत होता तोवर राजे होते. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी लपवलं. कंगवा डोक्यावर टेकवून कात्री चालवायची, म्हणजे कळत नाही. पण एक दिवस एका कारकुनाच्या कानाच्या पाळीला कात्री लागली. फार नाही, थेंबभर रक्त. कारकून बिचारा 'असू दे, असू दे' म्हणाला, पण असू देणारं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही हे दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या त्यांच्या मुलाला कळत होतं. मुलाने दुकानात नवीन खुर्च्या आणल्या, वर-खाली होणाऱ्या. आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही आता आराम करा." आराम करा म्हणजे येऊ नका. एवढं मराठी त्यांना येत होतं. मुलगा पुढे सासुरवाडीच्या जवळ राहायला गेला. दुकान त्याचं, घर यांचं.

घर म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत पलंग, पलंगाला लागून खिडकी, आणि पलंगावर वहिनी. वहिनींना दमा. गुडघे तर केव्हाच संपावर गेलेले. सकाळी उठून बसायचं, उशीला टेकायचं, खिडकीची दोन्ही दारं उघडायची आणि बाहेरची हवा ओढायची, एवढाच त्यांचा दिवस. त्या घरात दुसरी खिडकी आहे, पण ती उघडते जिन्याकडे, जिथे कचऱ्याचे डबे असतात. म्हणजे श्वासाला दार एकच.

त्या खिडकीबाहेर काय होतं? टक्कल. आमची इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधली ती जागा. वर एक अवाढव्य झाड. कसलं झाड यावर इमारतीत चार पक्ष आहेत, तो वाद आज नको. झाडाच्या आणि इमारतीच्या सावलीमुळे तिथे ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, दुपारी थोडा वेळ टेकून परत जायचं. खाली टणक, काळी, गुळगुळीत जमीन. गवताची काडी नाही. माझ्या गॅलरीतून सरळ खाली ती दिसते. खाली ती जमीन आणि तिच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले बारीकराव, दोन्ही टाळवा एकाच वेळी दिसायच्या.

सेक्रेटरींनी वार्षिक सभेत विषय काढला. मागची जागा फुकट पडली आहे, तिथे पेव्हर ब्लॉक बसवू, गाड्या लावता येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी ठेवायला जागा मिळते म्हटल्यावर माणूस माणूसपण विसरतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून बारीकराव उभे राहिले. बावीस-पंचवीस वर्षांत ते सभेत उभे राहिलेले कुणी पाहिले नव्हते, ते चहासाठी येत.

"गाड्यांचा धूर खिडकीत येईल," ते म्हणाले. "हिला दमा आहे."

"खिडकी लावून घ्यायची," सेक्रेटरी म्हणाले. वाईट मनाने नाही. त्यांच्या घराला खिडक्या सात.

"ती लावली तर ही श्वास कुठून घेणार?"

कुणाला गाडीची जागा सोडवेना. मग तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "पण ती जागा अशी ओसाड ठेवून तरी काय उपयोग?"

"मी तिथे हिरवळ करतो," बारीकराव म्हणाले.

हशा पिकला. सेक्रेटरी तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "तुम्ही? तुमचं आयुष्य गेलं काढण्यात. तुम्ही उगवून दाखवणार?"

बारीकराव बसले नाहीत. शेवटी असं ठरलं की वर्षभर मुदत द्यायची. पुढच्या सभेला तिथे धड हिरवळ दिसली तर जागा हिरवळीची, नाही तर पेव्हरची. सगळ्यांना हा निर्णय आवडला, कारण सगळ्यांना निकाल आधीच माहीत होता.

पहिल्या झटक्यात त्यांनी उन्हातल्या बागेतलं गवत आणून लावलं. ते महिनाभरात पिवळं पडून गेलं. दंतवैद्य गॅलरीतून म्हणाले, "मुळापासून किडलं, काका. काढून टाका." धंद्याचीच भाषा.

मग बारीकराव नर्सरीत गेले. सोबत मी होतो. मला घरी काम काय? नर्सरीवाला बोलका होता, माझ्याहून थोडा जास्तच, म्हणून मला तो फारसा आवडला नाही. त्याने सावलीत चालणारं गवत दाखवलं, रुंद पात्याचं, जरा मऊ. आणि समजावून सांगितलं.

"काका, सावलीतल्या गवताचं असं असतं. भूक तेवढीच, पण ताट लहान. ऊन थोडं मिळतं ते पात्यावरच मिळतं. तेव्हा पातं लांब ठेवायचं, चांगलं चार बोटं. बारीक कापलंत की त्याच्या पुढचं ताट काढून घेतलंत."

"हं," बारीकराव म्हणाले.

"आणि पाणी रोज शिंपडायचं नाही. क्वचित द्यायचं, पण खोल मुरू द्यायचं. मग मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. रोज घोट घोट पाजलंत तर मुळं वरच बसून राहतात, आळशी जावयासारखी."

"हं."

"आधी जमीन खणून भुसभुशीत करा, कुजलेलं खत मिसळा. झाडाच्या खालच्या फांद्या उतरवा, म्हणजे थोडा उजेड आत शिरेल. आणि त्यावरून चालू देऊ नका कुणाला."

"दाट होईल ना?" बारीकरावांनी विचारलं.

"वेळ दिलात तर होईल. घाई केलीत तर नाही."

घरी येताना बारीकराव मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण त्याला कापण्यातलं काही कळत नाही." तेव्हा मी हसलो.

पण त्यांनी केलं सगळं, हे सांगायलाच हवं. वर्षानुवर्षं तुडवलेली ती जमीन त्यांनी थरथरत्या हाताने खणली. कुदळ मारायची, थांबायचं, धाप टाकायची. आत खिडकीत वहिनी धाप टाकायच्या, बाहेर हे. वरून बघताना वाटे, दोघं मिळून एकच श्वास वाटून घेतायत. फांद्या उतरवायला लाकूडतोड्या आला तर त्याला खालून सूचना, "कानामागचं घे, अजून घे, मानेवरचं घे." लाकूडतोड्या वरून विचारी, "झाडाला मान कुठे असते?"

गवत लागलं. आधी ठिपके, मग पुंजके, मग पुंजक्यांनी हात पसरून एकमेकांना धरलं. पावसाळा सरता सरता खिडकीखाली एक खरीखुरी हिरवी पट्टी झाली. वहिनी तिकडे बघत बसत. मी खाली गेलो की त्या मला अहवाल देत. "आज त्या कोपऱ्यात नवीन फूट आहे. काल नव्हती." त्यांची दम्याची ढास कमी झाली असं बारीकराव सगळ्यांना सांगत सुटले. गवतामुळे दमा कमी होतो की नाही मला माहीत नाही. पण त्या हसायला लागल्या होत्या, आणि हसताना खोकला येत नव्हता.

सेक्रेटरीसुद्धा एकदा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वाढलंय म्हणायचं."

तिथेच सगळं बिघडलं. त्यांच्या 'वाढलंय'चा अर्थ चांगला होता, पण बारीकरावांच्या कानाने तो धंद्यातला घेतला. आयुष्यभर लोक दुकानात येऊन हेच एक वाक्य बोलले होते. वाढलंय हो. आणि त्यावर त्यांच्या हाताला एकच उत्तर ठाऊक होतं.

गवत खरंच चार बोटं उंच झालं होतं, मऊ पडून एका बाजूला झुकलं होतं. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं तसंच. पण बारीकरावांना ते बघवेना. सकाळी चहा पिताना त्यांची बोटं नुसतीच हवेत उघडमीट करायची. मी पाहिलंय.

"हात लावू नका त्याला," वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

"लावतोय कुठे? जरा कडा नीट करतो."

"तुमच्या कडा मला माहितीयत. सेक्रेटरींनाही माहितीयत."

"अगं सभा जवळ आली. चार लोक बघायला येणार. असं पिंजारलेलं बरं दिसतं का?"

"मला बरं दिसतं."

"तुला काय कळतं त्यातलं."

"तुमच्या दुकानात कुणी मध्यम म्हटलं की तुम्हाला बहिरेपण यायचं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उशीकडे वळवलं.

पहिल्या दिवशी खरंच फक्त कडा कापल्या. जुनी कात्री, जुना कंगवा, खाली पाट घेऊन बसलेले. कंगव्याने पाती उचलायची, कात्रीने छाटायची. आणि एक गंमत सांगतो, तेव्हा त्यांचा हात थरथरत नव्हता. निदान वरून तरी तसं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कडेच्या मानाने मधलं उंच वाटलं, म्हणून मधलं. मग मधल्याच्या मानाने कडा. आठवडा संपेपर्यंत सगळी हिरवळ एकसारखी, जमिनीलगत, चकचकीत. बारीक.

लोक बघायला आले आणि वाहवा झाली. "अगदी गालिचा." दंतवैद्यांनी फोटो काढला. बारीकराव तेव्हा जितके ताठ उभे होते तितके दुकान गेल्यापासून उभे राहिले नव्हते. खोटं कशाला बोलू, मलाही ते छान वाटलं. एकट्या वहिनींना नाही. त्या म्हणाल्या, "मला इथून माती दिसते."

त्यांना पलंगावरून तिरकं दिसायचं, म्हणून आधी दिसली. मग सगळ्यांना दिसली. उन्हात गवत कापलं की ते परत उसळतं. इथे ऊन कुठे होतं उसळायला? पाती पिवळी पडली. मधेमधे विरळ झाली. आणि विरळ झालं की काय करायचं हे तर बारीकरावांचं शास्त्रच होतं. कापलं की दाट येतं. ते अजून कापायला लागले.

"आता तरी थांबा," मी म्हटलं. "नर्सरीवाला काय म्हणाला होता?"

"त्याला झाडं कळतात," ते म्हणाले. "वाढ मला कळते."

शिवाय इमारतीत दयाळू माणसं फार. पिवळं गवत बघून ज्याला त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं पाणी घालायचं राहिलं असेल. पहिल्या मजल्यावरची शिक्षिका जाता-येता एक बादली टाकी. दंतवैद्यांची बायको एक ओती. रखवालदार नळीच सोडून जाई. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कारण उपकार बोलून दाखवू नयेत. बारीकराव स्वतः सकाळ-संध्याकाळ शिंपडत होतेच. जमीन पुन्हा चिखलट, पुन्हा काळी, आणि मोकळ्या जागांवर शेवाळ धरलं. एका अर्थी हिरवंच होतं, पण त्याला हिरवळ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

सभेच्या दिवशी सगळी मंडळी आधी मागे गेली. सेक्रेटरी पुढे. बरंवाईट बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. गेल्या वेळेला हसले होते त्याची त्यांना टोचणी होती. उरलेल्या एका पुंजक्याशी ते थांबले आणि 'हे तर बरं आहे' असं म्हणत त्यांनी बुटाच्या टोकाने त्याला जरासं हलवलं. तो अख्खा तुकडा अलगद उचलला गेला. खाली मुळं म्हणून काही नव्हतीच. दोन-चार पांढरे दोरे, तेही ओल्या मातीच्या वरच्यावर.

"हा तर टोप आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बारीकराव खाली वाकले, तो तुकडा सेक्रेटरींच्या बुटाखालून सोडवला, परत जागेवर ठेवला आणि तळहाताने दाबला. दोनदा दाबला. तो बसेना.

खिडकी उघडी होती. वहिनी आत होत्या.

वर सभेत मतदान झालं. बारीकरावांच्या बाजूने मी, शिक्षिका आणि, तुमचा विश्वास बसणार नाही, सेक्रेटरी. बाकी सगळे हात गाड्यांसाठी. सेक्रेटरी म्हणाले, अजून एक वर्ष देऊ. दंतवैद्य म्हणाले, ठरलं ते ठरलं. आणि ठरलं होतं हे खरंच होतं. बारीकराव चहा न घेता गेले.

पेव्हर बसले. राखाडी, सहा कोनांचे, ठोकून ठोकून घट्ट. त्यांच्या फटींतून काही उगवेल असं म्हणणारे लोक असतात. फटींतून काही उगवलं नाही. खाली दगडाची चुरी घातलेली आहे आणि वर सावली आहे. नर्सरीवाला एकदा रस्त्यात भेटला, त्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "थोडे दिवस लांब राहू दिलं असतं तर मुळं धरली असती हो. फक्त हात लावायचा नव्हता." मी बारीकरावांना हा निरोप दिला नाही. चुगली करायलाही काही वेळ असते.

खिडकीसमोर दंतवैद्यांची गाडी असते, नाक भिंतीकडे, मागची बाजू खिडकीकडे. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ते ती सुरू करून ठेवतात आणि फोनवर बोलतात. त्यांना दोनदा सांगून झालं. ते दोनदा 'सॉरी' म्हणाले. माणूस सभ्य आहे. खिडकी आता बंदच असते. जिन्याकडची उघडतात, आणि मग कचऱ्याच्या वासाने लावतात. वहिनींचं बसणं कमी झालं, आडवं पडणं वाढलं. डॉक्टर येतो, नवीन फवारा लिहून देतो, हवा बदला म्हणतो. कुठली हवा, हे तो सांगत नाही.

मी परवा खाली गेलो होतो, नेहमीसारखा, चार गोष्टी सांगायला. सासुरवाडीजवळ गेलेल्या मुलाच्या बायकोबद्दल एक ताजी बातमी होती. पण आत गेलो तर वहिनींना पलंगावर बसवलेलं, गळ्याभोवती दुकानातलं ते जुनं कापड. केस फार वाढले होते, पाठीला घाम येतो म्हणून त्यांनीच म्हटलं होतं, कापा थोडे. मी दाराशी थांबलो.

बारीकरावांनी कंगवा फिरवला. पांढरे, विरळ केस. टाळूवर मधे मधे त्वचा दिसत होती. कात्री उघडली. हात चांगलाच थरथरत होता.

"बारीक की मध्यम?" वहिनींनीच विचारलं. चिडवायलाच विचारलं, पण निम्म्यावर श्वास संपला.

बारीकरावांनी खालची दोन-तीन टोकं छाटली आणि कात्री मिटून उशीशी ठेवली.

"झालं?"

"झालं."

"काहीच तर कापलं नाहीत."

"राहू दे."

मग वहिनींना ढास लागली, लांब, न थांबणारी. बारीकराव उठले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने खिडकीकडे गेले, कडीला हात घातला. बाहेर गाडी सुरू झाली. ते तसेच उभे राहिले, कडीवर हात ठेवून, गाडी जायची वाट बघत. ती जात नव्हती, नुसती घरघरत होती. मी बातमी न सांगताच वर आलो.